खिडकीतले कांदे

तमाम नागरिकांस कळवण्यास अत्यंत आनंद होतो की, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पाण्याच्या ग्लासांवर बसवलेल्या कांद्यांना मुळं फुटली आहेत. पेशीविभाजनाच्या प्रॅक्टिकलसाठी मी ते दरवर्षी बसवतो आणि माझी बायको मंगल दरवर्षी म्हणते, "यातले कॉलेजचे कुठले आणि भाजीचे कुठले, तेवढं सांगून ठेवा."

या मुळांच्या टोकाशी एका पेशीच्या दोन होतात. रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं की गुणसूत्रं मधोमध रांग धरून उभी दिसतात. अशी एखादी पेशी सापडायला मुलांचा अख्खा तास जातो. सापडली की मी टेबलावर थाप मारून सगळा वर्ग गोळा करतो. वाढण्याइतकं देखणं जगात काही नाही, असं वर्षानुवर्षं सांगत आलोय.

काल मंगलच्या छातीतल्या गाठीची स्लाइड पाहिली. तपासणारी डॉक्टर माझी जुनी विद्यार्थिनी, म्हणून तिनं पाहू दिली. शोधावं लागलंच नाही. नजर जाईल तिथे दोन होता होता पकडलेल्या पेशी, थांबायचं कधी ते विसरलेल्या. त्याच रांगा, काही वाकड्यातिकड्या. समोर टेबल होतं, पण हात उचलला नाही.

"सरका, माझं आहे ते," म्हणत सोबत आलेल्या मंगलनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. डॉक्टर खाली बघत राहिली. मंगलनं बराच वेळ पाहिलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अहो, तुमच्या कांद्यांपेक्षा माझं पीक जोरात आलंय."