फादरांचा हुंकार

कारखाना मला जर्मनीला पाठवणार होता, म्हणून साठ सालाच्या सुमारास मी बेंगळूरच्या एका सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, जर्मन शिकायला जायचो. तिथल्या वाचनालयात खिडकीपाशी एक म्हातारे फादर रोज एकच पुस्तक वाचत बसलेले असत. ख्रिस्ती धर्मशास्त्रावरचा लॅटिन ग्रंथ, युरोपात छपाई नवी नवी असतानाचा. पानाला बोट न लावता ते बांबूच्या पातळ काडीने पान उलटायचे, आणि प्रत्येक पान संपलं की गोष्ट ऐकणाऱ्यासारखा “हं” असा हुंकार द्यायचे.

मी कारखान्यातला माणूस. एकदा विचारलंच, “फादर, याचा आता उपयोग काय?”

“काही नाही,” ते कन्नडमध्ये, धाकट्या भावाशी बोलावं तसं म्हणाले. “यातले वादसुद्धा आता कुणी घालत नाही. पण म्हातारा माणूस बोलत असताना मधेच उठून कसं जायचं, तम्मा?”

नाताळच्या सुट्टीनंतर गेलो, तर फादर वारल्याचं कळलं. ग्रंथ खिडकीपाशीच होता. शेवटची थोडी पानं उरली होती आणि तिथे काडी ठेवलेली होती.

मी बसलो. लॅटिनचं मला ओ की ठो कळत नव्हतं. काडीने एकेक पान उलटत गेलो, आणि प्रत्येक पानाला हुंकार दिला.