चाळीस मिनिटांचा उपास

आदल्या दिवशी संध्याकाळी ती माझ्या बनियनला शर्यतीचा नंबर लावत होती. चार सेफ्टी पिना ओठांत धरलेल्या, त्यामुळे बोलणं सगळं दातांतून.

"सरळ उभे राहा ना. पोट आत घ्या."

"आतच आहे."

"मग हे बाहेर कोणाचं हाय?"

पोरगी हसून हसून खाली बसली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं साधं काम ते शेवटचं. दुसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता बायको गेली. मी बेचाळीस किलोमीटर पळून आलो, आणि गेली ती. एवढी वर्षं झाली, मला अजून हे डोक्यात बसवता येत नाही.

मी सातवी शिकलेला, सिन्नरकडचा. नाशिक रोडला राहून कारखान्यात लेथ चालवली. नव्वदच्या पुढे-मागे कंपनीच्या कबड्डीच्या टीममध्ये होतो. दोन्ही पोरांना घेऊन ही प्रत्येक मॅचला यायची. तिचा एक नेम होता. मी मैदानात उतरलो की तिचा उपास सुरू, मॅच संपली की सुटला. मधे पाण्याचा थेंब नाही. शेवटची शिट्टी झाली की पदराच्या गाठीतला गूळ तोंडात टाकायची. टीममधली पोरं चिडवायची, "वहिनी, चाळीस मिनिटांचा उपास म्हणजे दोन जेवणांमधली सुट्टी झाली की!" ती म्हणायची, "तुमच्या बायका तेवढा तरी करतात का?" मलाही मजा वाटायची. खरं सांगायचं तर रुबाब वाटायचा.

मग गुडघा गेला, कबड्डी सुटली. पुढे हिला साखर निघाली, गोळ्या सुरू झाल्या. दोन हजार साल उलटल्यावर मी कंपनीतून व्हीआरएस घेतली आणि घरी बसलो. पोरगी पोलीस भरतीसाठी पळायची. अंधारात एकटी कशी पाठवायची, म्हणून मी सोबत मैदानावर जायचो. नुसतं उभं राहून थंडी वाजायची म्हणून पळायला लागलो. पोरगा म्हणाला, "आण्णा, भरतीला वयाची अट आहे बरं का." पण पहिले चांगले बूट त्यानेच आणले. हिने मला नाचणीची भाकरी चालू केली. पुढच्या वर्षी पोरीने मॅरेथॉनचा फॉर्म आणला, त्यावर सही मी करायच्या आधी हिनेच माझं नाव लिहून टाकलं.

शर्यत गंगापूर रोडने धरणाकडे जाऊन परत, असे दोन फेरे. पोरगा हिला स्कूटरवर मागे बसवून पुढे पुढे नेणार आणि ठरलेल्या ठिकाणी ही मला पाणी देणार. पोरगी शेवटच्या रेषेपाशी थांबणार.

पहाटे पाचला मी बूट चढवले.

पहिल्यांदा भेटली तेव्हा लिंबूपाणी दिलं. "घाई करू नका, म्हशीसारखं जा," म्हणाली. दुसऱ्यांदा केळं सोलून हातात दिलं. तिसऱ्यांदा भेटली तेव्हा माझे तीस किलोमीटर पार झाले होते, पायांचे दगड झाले होते, आणि ऊन चढलेलं. बाटली देताना तिचा हात थरथरत होता. तोंडावर घाम.

"काय गं, बरी आहेस ना?"

"उन्हात उभी हाय, आणखी काय. पळा तुम्ही. थांबला तर बघा."

मी तिच्या हातचं पाणी प्यालो, उरलेलं डोक्यावर ओतलं आणि पळालो. माझं लक्ष माझ्या पायांत होतं.

शेवटची रेषा ओलांडली तेव्हा साडेअकरा झाले होते. तिथे पोरगी नव्हती. शेजारच्या खोलीतला माणूस उभा होता. म्हणाला, "आधी बसा, पाणी प्या." मी म्हटलं, "आमची मंडळी कुठाय?" तो म्हणाला, "चक्कर आली, दवाखान्यात नेलंय." मी गळ्यात पदक घालूनच त्याच्या गाडीवर बसलो.

डॉक्टर बाहेर आले. साखर एकदम खाली गेली, म्हणाले, आणि हृदयही साथ देत नाही. "सकाळपासून काय खाल्लं होतं त्यांनी?"

पोराने माझ्याकडे बघितलं, मी पोरीकडे. पोरगी भिंतीला टेकली.

"काहीच नाही. आईने आण्णांच्या शर्यतीचा उपास धरला होता. मला म्हणाली, त्यांना बोलू नकोस, पळायचे नाहीत."

"आणि गोळी?" डॉक्टरांनी विचारलं.

"गोळी घेतली. तुम्हीच सांगितलं होतं ना, चुकवायची नाही. गोळीपुरतं घोटभर पाणी प्यायली."

मला रडू आलं नाही. मी डॉक्टरांनाच विचारलं, "मग मला कशी पाजत होती?" तिथल्या तिथे मला कळलं. कबड्डीचा नेम तिने मॅरेथॉनला लावला होता. चाळीस मिनिटांची गोष्ट साडेसहा तास ओढली. आणि हा नेम मला माहीत होता. पंधरा वर्षांपूर्वी मीच त्याची फुशारकी मारत फिरायचो. घरातून निघताना मी एकदा विचारायला पाहिजे होतं, "तू खाल्लंस का?" तीन शब्द. विचारले नाहीत.

संध्याकाळी तिला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदेवर, पोचवून आलो. माझे पाय इतके धरले होते की दोघांनी मला घाटाच्या पायऱ्यांवरून उतरवलं. लोकांना वाटलं, दुःखाने. दुःखाने नव्हतं, पळून पळून धरले होते. त्याचीच मला लाज वाटत होती.

सकाळी घर पाहुण्यांनी भरलं होतं. चूल बंद. शेजारणीने पिठलं-भाकरी आणि चहाची किटली आणून ठेवली. कोणी हात लावेना. नणंद माझ्या कानाशी आली, म्हणजे हिची नणंद, माझी बहीण. म्हणाली, "दादा, पोरगी कालपासून पाणीसुद्धा घेत नाही. म्हणते, मला माहीत होतं आणि मी गप्प बसले, आता दहाव्यापर्यंत मी अन्न घेणार नाही. अगदी आईवर गेलीय."

मी भिंत धरून उठलो. पोरगी कोपऱ्यात बसली होती. तिच्यासमोर बसायला मला वेळ लागला, गुडघे वाकत नव्हते. ताट मधे घेतलं आणि म्हटलं, "या घरात कोणी कोणासाठी उपाशी राहायचं नाही. आजपासून बंद."

"आण्णा, मला जाणार नाही."

"मलाही जात नाही. तरी बघ."

मी भाकरीचा मोठा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि सगळ्यांच्या देखत खाल्ला. कोणीतरी मागून म्हणालं, "काल बायको गेली आणि बघा." म्हटलं, बघू दे. दुसरा घास तिच्या तोंडापुढे धरला आणि तसाच धरून बसलो. हात भरून आला तरी खाली घेतला नाही. शेवटी तिने तोंड उघडलं.