छोट्या लाइनीवरचं खोटं स्टेशन

आमच्या जिल्ह्यात हल्ली वारसा नावाची साथ आली आहे. ज्यांनी घरातले पितळी हंडे मोडीत घालून प्लास्टिकच्या बादल्या घेतल्या, तेच लोक आता रविवारी पांढऱ्या टोप्या घालून जुनं काहीबाही हुडकत फिरतात. अशाच एका गटाने मँगनीजच्या खाणीकडे जाणारी रेल्वेची जुनी छोटी लाइन शोधायची मोहीम काढली. मी असल्या मंडळींपासून चार हात लांब राहणारी बाई, तरी त्यांच्या गाडीत जाऊन बसले. कारण गुडघे पार जायच्या आत माझ्या मायला त्या लाइनीवर एकदा जायचं होतं.

लाइनीचं तिला काडीचं कौतुक नव्हतं. बाबा त्या लाइनीवर गँगमन होते. माझ्याआधी त्यांना एक मुलगी झाली आणि दात यायच्या आतच तापाने गेली. आमच्यात दात न आलेल्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. शेतकरी आपल्या बांधावर पुरतो. बाबांकडे बांध कुठला? त्यांनी तिला लाइनीच्या कडेला मोहाच्या झाडाखाली ठेवलं, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर लाइनीचीच गिट्टी रचली आणि उशाशी रुळाचा एक तुकडा उभा रोवला. पुढे लाइन बंद झाली, रूळ उपटून नेले, आम्ही तुमसरला आलो आणि बाबाही गेले. त्यानंतर माय तिकडे कधी गेली नाही, आणि आता जायचं तर लाइनच उरली नव्हती.

गटाचे प्रमुख निवृत्त साहेब होते. कुठल्या खात्यात होते, हे आंबागड मागे पडेपर्यंत ते सांगतच होते. डोंगराच्या पोटाशी खाणीचं गाव लागलं. बंद पडलेल्या क्वार्टरांच्या दारं-खिडक्या लोकांनी कधीच काढून नेल्या होत्या आणि आत बकऱ्या बांधल्या होत्या. साहेबांना त्यात वैभव दिसलं. मला बकऱ्या दिसल्या.

गावाबाहेर एक उंच बांध आला तसे साहेब थबकले. "हाच तो रेल्वेचा भराव," ते म्हणाले. टोप्यांनी पटापट फोटो काढले. ती बोडीची पार होती, धानाला पाणी द्यायच्या तळ्याचा साधा मातीचा बांध. भंडारा जिल्ह्यात जन्म काढायचा आणि बोडीची पार ओळखायची नाही, याला काय म्हणावं? आम्ही सगळे तिच्यावरून रांगेने चाललो. डाव्या हाताला पाणी, त्यात शिंगाड्याचे वेल. पार वळली, पुन्हा वळली आणि जिथून चढलो त्याच्या समोरच उतरली.

"इंजिन काय बोडीला प्रदक्षिणा घालायचं?" मी विचारलं.

"इंग्रजांचं इंजिनिअरिंग आहे, मॅडम. असं सहज समजणार नाही," साहेब म्हणाले.

माय माझ्या कानाशी पुटपुटली, "हा मानूस कायले फिरवून राहिला आपल्याले?"

मला परत फिरायचं होतं. या लोकांकडून काही सापडेल ही आशा मी सोडली होती. पण साहेबांना आपला खास शोध दाखवायचा होता. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी म्हणे चक्क एक स्टेशन शोधलं होतं. छोट्या लाइनीवर स्टेशन कुठलं? डबे खाणीत भरायचे, खाली रिकामे व्हायचे. मँगनीजला काय तिकीट काढायचं होतं?

पळसाच्या झुडपांतून बाहेर आलो आणि मायने माझं मनगट धरलं. समोर मोहाचं झाड होतं. त्याच्याखाली गिट्टीचा एक लहानसा ढीग, चुना फासलेला. उशाशी रुळाचा तुकडा, लाल ऑइलपेंट दिलेला. वर पाटी होती, 'छोटी लाइन, जुने स्टेशन', आणि फोटो काढायला एक पत्र्याची चौकट. एक टोपीवाला त्या ढिगावर बूट ठेवून उभा होता.

माझं डोकं सणकलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात मायने मनगट दाबलं आणि साहेबांनाच विचारलं, "इथं खाली खोदलं का बाप्पा तुमी?"

"छे, आजी. वारशाला हात लावायचा नसतो. एक दगड हलवू देत नाही मी कोणाला. दर रविवारी येऊन गवत काढतो." मग ते त्या माणसावर खेकसले, "पाय खाली घ्या आधी."

मी मायला बाजूला नेलं. "सांगते मी यांना. स्टेशन म्हणे."

"नोको सांगू," ती म्हणाली. "टेसन हाये तं झाडून राहिले, रंग देऊन राहिले. लेकरू हाये मनून सांगशीन, तं कोनी इकडं फिरकनार नाही."

मी त्यांना सांगितलं नाही. राग मात्र गेला नाही. ज्या माणसाला पार आणि भराव यातला फरक कळत नाही, तो माझ्या बहिणीची राखण करत होता, आणि तेही चुकीने. त्या साहेबाचे उपकार मानायची वेळ यावी, याचा मला आजही संताप येतो. पण ती राखण सुटू नये, म्हणून जागा नेमकी कुठे आहे ते मी इथे लिहीत नाही.

निघताना साहेबांनी मायला चौकटीत बसायचा आग्रह केला. फोटो म्हटलं की पदर तोंडावर घेणारी माय मुकाट्याने ढिगाशी जाऊन बसली आणि एक हात गिट्टीवर ठेवला.

"आजी, जरा हसा," साहेब म्हणाले.

ती हसली नाही. माय आणि माझी बहीण, दोघींचा मिळून तो एकच फोटो आमच्या घरात आहे. त्यात त्यांच्या डोक्यावर स्टेशन असं लिहिलेलं आहे.