लिफ्टच्या टपावर

एकोणीस वर्षं मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करत आले होते. बिघाड सापडल्याशिवाय चालू करायची नाही, हा त्यांचा हट्ट. त्यामुळे चार महिन्यांपूर्वी लिफ्टच्या टपावर उभं असताना छाती धडधडली, हात बधिर झाले, आता मेलोच असं वाटलं, तेव्हा त्यांनी स्वतःतही बिघाड शोधायला घेतला. तीन डॉक्टर, पाच ईसीजी. सगळं ठीक. "या डॉक्टरांच्या नजरेतून काहीतरी सुटतंय," मिस्त्री म्हणत. बायको तासातासाला फोन करी, "बरं वाटतंय ना?" त्या प्रश्नानंच त्यांचा हात नाडीवर जाई.

चौथ्या डॉक्टरबाई मानसोपचाराच्या, वयानं त्यांच्या पुतणीएवढ्या.

"लिफ्ट नीट असताना सेफ्टी ब्रेक उगाच लागतो कधी?"

"लागतो की."

"तुमचंही तसंच. भीती खरी, धोका खोटा. तुम्ही नाडी बघता, घाबरता, ती आणखी वाढते. मग खाली पळता आणि मनाला वाटतं, पळालो म्हणून वाचलो."

"म्हणजे करायचं काय?"

"थांबायचं. भीती उतरेपर्यंत तिथंच. नाडी बघायची नाही, मी ठीक आहे ना असं कुणाला विचारायचं नाही, आणि घरच्यांनीही तुम्हाला विचारायचं नाही."

मिस्त्रींना हा उपचार कमी आणि कामचुकारपणा जास्त वाटला. तरी सहा आठवडे ते शिकले. आधी बंद लिफ्टच्या आत, मग थांबलेल्या टपावर. आज चालत्या टपावरून तपासणी होती. जमली नाही, तर सोमवारपासून गोदामात बसायचं, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं.

जोडीदार वर मोटारीच्या खोलीत होता. आवाजामुळे सगळे त्याला भोंगा म्हणत.

सहाव्या मजल्याशी भीती आली. मिस्त्रींनी लिफ्ट थांबवली. अंधारात ग्रीसचा वास, आणि कानात स्वतःच्याच नाडीचे ठोके.

"भोंग्या, माझा आवाज बारीक येतोय का रे?"

"मला तोंड बंद ठेवायला सांगितलंय."

"एवढं तरी सांग!"

"वहिनींनासुद्धा बंदी आहे, तिथं मी कोण? मुकाट्यानं दोर बघा."

मजल्याच्या दाराची कडी हाताशी होती. ओढली की बाहेर. बोटं तिच्यावर गेली. दुसरा हात नाडी बघायला मनगटाकडे निघाला होता. त्यांनी तो लोखंडी रुळावर दाबून धरला. धडधड चढली, गळ्यापर्यंत आली. रूळ थंड होता, एवढं कळत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. एकदा वाटलं उतरली, तर पुन्हा उसळली. मग हळूहळू, रुसलेल्या माणसासारखी, थोडी मागे सरकली.

त्यांनी कडी सोडली आणि वरचं बटण दाबलं.

"काय हो मिस्त्री, किती वेळ! मला इथं घाम फुटला," लिफ्ट नवव्या मजल्यावर पोचताच भोंगा वरून ओरडला.

"पुसू नकोस. आपोआप सुकू दे."

छाती अजून पूर्ण शांत नव्हती. खाली उतरतानाची तपासणी बाकी होती. मिस्त्रींनी खालचं बटण दाबलं.