घरच्यांची पंगत

कामरगावच्या आमच्या दवाखान्यात तो नेटवर्कवाला एकदाच आला. व्हिडिओवर तपासताना शहरातल्या डॉक्टरांचा आवाज तुटायचा, म्हणून नेटवर्कचा स्विच नीट सेट करायला त्याला बोलावलं होतं. त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि विचारलं, "लाइन एकच हाये, तिच्यावरून आधी कोणाचं जाऊ द्याचं?" प्रत्येकानं आपलंच सांगितलं.

"लग्नात पयल्या पंगतीले कोण बसते?" लॅपटॉपवरून नजर न काढता तो म्हणाला.

"ज्याले एस्टी पकडाची हाये तो," मी म्हटलं.

"मंग डॉक्टरचं बोलणं पयलं. फायली मागून जेवतीन."

"अन् माझे रिपोर्ट?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"तुमी तं घरचे, साहेब."

आता डॉक्टरांचा आवाज तुटत नाही. साहेबांच्या स्क्रीनवर मात्र कधी कधी चाक फिरत राहतं. तेव्हा तेच आम्हाला सांगतात, "आपण घरचे, मागून बसू," आणि चहा मागवतात.