साहेबांचं शेवटचं वाक्य

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून आत जाते. भीती वाटते म्हणून नाही, खोटं वाटतं म्हणून. माझी शाळा चौथीपर्यंत, पण देव सोडून न दिसणारं काही मी आजवर मानलं नाही. तरी हे लिहून ठेवतेय... तोंडाने सांगायचा धीर होत नाही.

दोन हजार दोन साल. अबुधाबीजवळ खलिफा सिटीत एका अमेरिकन मॅडमच्या व्हिलात मी स्वयंपाकाला होते. आमचे हे त्यांचे ड्रायव्हर. मागच्या खोलीत आम्ही दोघं राहायचो. मॅडम तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, एकट्याच. त्यांचे वडील, वय एकोणऐंशी, अमेरिकेहून त्यांच्याकडे राहायला आले. त्यांना मी साहेब म्हणायचे.

साहेब नट होते. मॅडम गाडीत बोलायच्या, ते हे मला येऊन सांगायचे. तरुणपणी पंधरा वर्षं नाटकांत — कधी नोकर, कधी पोलीस, कधी नुसतं प्रेत. पुढे टीव्हीवर एका मालिकेत डॉक्टर झाले, ते अकरा वर्षं. मालिकेत त्यांना मारलं तेव्हा लोकांनी खऱ्या घरी फुलं पाठवली म्हणे. मॅडम एकदा ह्यांना म्हणाल्या, "लहानपणी डॅड मला घरात कमी आणि टीव्हीत जास्त दिसायचे." म्हणताना हसल्या.

नाटकात मोठं काम साहेबांना एकदाच मिळालं, टीव्हीच्या आधी. बापाचं. मुलगी घर सोडून जाते आणि बाप तिला अडवत नाही, अशी गोष्ट. महिनाभर तालमी झाल्या, आणि पहिल्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी थिएटरला टाळं लागलं. ते नाटक पुन्हा कुणी केलंच नाही.

त्यांच्याकडच्या नाटकवाल्यांत एक रीत आहे. नाटकाचं शेवटचं वाक्य तालमीत म्हणायचं नाही, ते प्रेक्षकांसमोरच. आधी म्हटलं तर अपशकुन. म्हणजे साहेबांनी ते वाक्य जन्मात कधी तोंडातून काढलंच नव्हतं. शेवटचं पान त्यांनी तेव्हाच लिफाफ्यात घालून चिकटवून टाकलं होतं. मॅडमनीसुद्धा ते पाहिलं नव्हतं.

ऐंशीव्या वाढदिवसाला हॉलमध्ये पाहुण्यांसमोर तो शेवटचा प्रवेश करायचाच, असं साहेबांनी ठरवलं. मुलीची वाक्यं कोण म्हणणार? मॅडम दिवसभर ऑफिसात. म्हणून मी! मला तर इंग्रजी येस-नोच्या पलीकडे येत नाही. साहेब एकेक वाक्य सावकाश म्हणायचे आणि मी ते मराठी अक्षरांत लिहून घ्यायचे. अकरा वाक्यं. एकेक घोकायला चार-चार दिवस गेले.

रोज सकाळचा नाश्ता आवरला की हॉलमधून हाक यायची, "यल्ला, सुमन!" यल्ला म्हणजे तिकडच्या अरबीत चला. मी स्वयंपाकघराच्या दारात, ते हॉलच्या दुसऱ्या टोकाला.

"लाउडर! लास्ट रो!"

"साहेब, बाजूवाला सुनेगा."

"गुड! ही इज ऑडियन्स."

हे जेवायला आले की चिडवायचे, "काय हिरॉइन, आज भाकरी मिळेल की नुसते डायलॉग?"

शेवटच्या वाक्याशी आलं की साहेब तोंड मिटायचे, ओठांवर बोट ठेवायचे आणि मान वाकवायचे. झाली तालीम.

वाढदिवस शुक्रवारी होता. हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या, वीसेक माणसं आली. मी खिडकीतून ती माणसं पाहिली आणि तशीच मागच्या खोलीत परतले. ह्यांना म्हटलं, "मला ताप आहे म्हणून सांगा."

"अगं, ताप कुठाय? म्हातारा सकाळपासून सूट घालून बसलाय."

"तुम्हाला माझी शपथ."

हे जाऊन सांगून आले. साहेबांनी माझ्यासाठी गोळ्या पाठवल्या, आणि निरोप — नो प्रॉब्लेम, नेक्स्ट फ्रायडे.

मंगळवारी सकाळी चहा घेऊन गेले तर साहेब अंथरुणातच गेलेले होते.

पुढच्या शुक्रवारी तीच माणसं आली, काळे कपडे घालून. मॅडम स्वतः आमच्या खोलीच्या दाराशी आल्या. ह्यांच्यामार्फत विचारलं, "सुमन तिची वाक्यं म्हणेल का? फक्त तिची. डॅडच्या जागा रिकाम्या सोडायच्या." या वेळी मला नाही म्हणवलं नाही.

वही धरून मी दारात उभी राहिले. एक वाक्य म्हणायचं, थांबायचं. किती थांबायचं ते अंगात बसलेलं होतं. अकरावं वाक्य झालं. वहीत पुढे काही नव्हतं, म्हणून मी मान खाली घातली... एवढंच मला आठवतं. परत पाहिलं तर मॅडम तोंडावर हात धरून उभ्या होत्या.

ह्यांनी मागाहून सांगितलं. मी मान वर केली आणि एक इंग्रजी वाक्य म्हटलं. स्पष्ट, न अडखळता, अगदी मागच्या खुर्चीपर्यंत जाईल असं. आवाज माझाच, बायकी. ते मी ह्यांना खोदून खोदून विचारलं.

मॅडमनी साहेबांच्या खोलीतून लिफाफा आणला. त्यावरची चिकटपट्टी पिवळी पडून कडक झाली होती. ती सगळ्यांसमोर कापली. पानावर शेवटी तेच वाक्य होतं. बाप मुलीला म्हणतो — ट्रंक जड आहे, दारापर्यंत मी आणतो.

हे म्हणतात, "साहेब झोपेत बडबडले असतील, तुझ्या कानावर पडलं असेल." असेल. पण चार दिवस घोकल्याशिवाय माझ्या जिभेवर इंग्रजी बसत नाही. आणि ते वाक्य मला आजही म्हणता येत नाही. ह्यांनी दहादा म्हणून दाखवलं, मी दुसऱ्या शब्दालाच अडते.

मॅडमनी माझे दोन्ही हात धरले होते. "डॅड फिनिश्ड," म्हणाल्या. हेही तेच म्हणतात, म्हाताऱ्याचं काम पुरं झालं, तू मनाला लावून घेऊ नकोस. पण त्या आधीच्या शुक्रवारी साहेब सूट घालून बसले होते. माणसं होती, आवाज होता. मी लपले नसते तर ते वाक्य त्यांनीच म्हटलं असतं. चाळीस वर्षं जपलेलं वाक्य, आणि लोकांनी ऐकलं ते माझ्या आवाजात. ते कसं झालं हे मला कळलेलं नाही. आणि मी ते त्यांना दिलं, की शेवटी तेवढंही त्यांच्याकडून काढून घेतलं... तेही कळलेलं नाही.