हिरव्या मोटारीच्या काकी

मोटारींच्या शर्यती जिंकणारे ड्रायव्हर या जगात पुष्कळ होऊन गेले असतील; पण स्वतःच्या ओट्यावरून तसूभरही न हलता रोज शर्यत जिंकणारी बाई मी एकच पाहिली, आणि ती माझी घरमालकीण होती. स्वातंत्र्य मिळून एखाद-दोन वर्षं झाली असतील. किहीमच्या फाट्याजवळच्या शाळेत माझी बदली झाली आणि रस्त्याच्या वळणावर, नारळीपोफळीच्या वाडीत असलेल्या एका घराची पडवी मला भाड्याने मिळाली. भाडं ठरवण्याआधी त्या बाईंनी मला एकच प्रश्न विचारला, "मास्तर, तुमी हिरवीचे का लालचे?" मला काहीच कळलं नाही. समोर हिरवीगार वाडी दिसत होती म्हणून मी "हिरवीचा" म्हणून टाकलं, आणि त्या एका शब्दावर मला पडवीबरोबर रोजची आमटीही मिळाली.

त्या काळी आमच्या कुलाबा जिल्ह्यात एस.टी. अजून पोचायची होती. मुंबईची बोट रेवसच्या धक्क्याला लागायची आणि तिथून अलिबागपर्यंत उतारू नेणाऱ्या खाजगी मोटारी होत्या दोन. एक हिरवी, एक लाल. मालक वेगळे, रस्ता मात्र एकच, आणि तोही एका वेळी एकच मोटार सुखाने जाईल एवढा. जी अलिबागला आधी पोचेल तिला परतीचे उतारू आधी मिळत, हा मालकांचा व्यवहार. पण वाटेवरच्या गावांना त्यात व्यवहार दिसत नसे, साक्षात धर्म दिसे. सोयरीक जुळवतानाही माणसं हळूच विचारून घेत, मंडळी कुठल्या गाडीची म्हणून.

आमच्या घरमालकीणबाईंना सगळा फाटा काकी म्हणे. ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की वाडीच्या टोकाला रहाटावर बसलेल्या काकांना त्या ओट्यावरून जेवायला बोलवत. काका ऐकायला थोडे कमी होते; पण हा आवाज त्यांनाच काय, पलीकडच्या खाचरातल्या बगळ्यांनाही ऐकू जायचा. काकींचा सगळा दिवस बोटीच्या वेळेला बांधलेला होता. मोटारी वळणावरून गेल्याशिवाय चुलीवर भात चढत नसे. हिरवी पुढे असली की आमटीत गूळ सढळ पडे. लाल पुढे असली की मिरची. दुपारी शाळेतून आल्यावर शर्यतीचा निकाल मी कधी विचारला नाही. पहिल्या घासालाच तो कळायचा.

हिरवी हरली, असं वाक्य मात्र काकींच्या तोंडून कधी निघालं नाही. "आज तिनं लालला पुढं धाडलं," असं त्या म्हणत. नुसत्या आवाजावरून आपण गाडी ओळखतो असा त्यांचा दावा होता. एकदा त्यांनी लांबूनच "हिरवी, हिरवी!" म्हणून टाळ्या पिटल्या आणि वळणावरून भाताच्या गिरणीचा खटारा आला. "तिचाच भाऊ दिसतोय," काकी न डगमगता म्हणाल्या. आणि एवढी भक्ती असूनही त्या हिरव्या मोटारीत जन्मात कधी बसल्या नव्हत्या. अलिबागला जायचं तर बैलगाडीने जात, नाहीतर सरळ चालत. मी एकदा कारण विचारलं, तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाल्या, "आत बसल्यावर शर्यत दिसंल का, मास्तर?"

समोरच्या दुकानातले शिंपी लालचे. काकी त्यांना "शिंप्या" म्हणत आणि ते काकींना "वयनी" म्हणत. पण हे आदर-अनादर सोडले तर दोघांच्या बोलण्यात मोटारीशिवाय दुसरा विषय नव्हता. काकींच्या चोळ्या शिवायचं काम या भांडणापायी दूरच्या गावातल्या शिंप्याकडे गेलं होतं. तो हिरवीचा होता. चोळ्या अंगात नीट बसत नसत. पण त्याबद्दल काकींनी कधी तक्रार केली नाही.

पावसाळ्यात समुद्र खवळला की बोट बंद, आणि बोट बंद म्हणून मोटारीही बंद. ते महिने काकींना भारी जड जात. गणपतीच्या तोंडावर पहिली बोट सुटली की मोसमाची पहिली शर्यत होई, आणि त्या शर्यतीवर अख्ख्या वर्षाची अब्रू ठरे. त्या वर्षी तर बातमी आली होती की लालच्या मालकाने लढाईतल्या लष्करी ट्रकचं इंजिन आणून बसवलंय. हिरवी आपली जुनीच, आणि तिचे ड्रायव्हर दाढीवाले चाचा तिच्याहून जुने. शिंप्यांनी लाल चिंध्या जोडून दुकानावर चांगला वावभर झेंडा लावला. लोक काकींचं सांत्वन आधीच करायला लागले. काकी म्हणाल्या, "नवं इंजिन म्हंजी नवी सून. आधी घर कळाया नको तिला?" पण त्या रात्री जेवल्या नाहीत हे मला ठाऊक आहे.

शर्यतीच्या दिवशी हेडमास्तरांनी शाळा लवकर सोडली आणि स्वतः आमच्या ओट्यावर येऊन बसले. खाचरातली माणसं बांधावर उभी होती. काकींच्या हातात दृष्ट काढायला नारळ. लांबून आवाज आला. "हिरवी!" काकी ओरडल्या. वळणावरून आली लाल. नव्या इंजिनाने अशी गरजत, धूळ नाही तर चिखल उडवत आली की शिंप्यांनी दुकानातल्या दुकानात उडी मारली. काकींचा चेहरा मी पाहिला आणि मला आठवड्याच्या आमटीची काळजी वाटू लागली. तेवढ्यात लालच्या पोटातून शिट्टीसारखा आवाज निघाला, बॉनेटमधून पांढरी वाफ उसळली आणि मोटार बरोब्बर आमच्या ओट्यासमोर, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

मग जे झालं ते काकींनी पुढे कधी कबूल केलं नाही, पण मी साक्षीदार आहे. त्यांनी नारळ हेडमास्तरांच्या मांडीवर ठेवला आणि ओट्यावर एकटीने फुगडी घातली. मागून भोंगा वाजवत हिरवी आली आणि लालच्या पाठीला जाऊन थबकली. एका बाजूला पाण्याने भरलेलं भातखाचर, दुसऱ्या बाजूला काकींचं कुंपण. पुढे चढ, त्यामुळे लाल ढकलताही येईना. "गार व्हयस्तवर हलनार न्हाय," लालचा ड्रायव्हर म्हणाला. "जिचा रस्ता तिचा हक्क," शिंपी म्हणाले. दोन्ही मोटारींतले उतारू खाली उतरले आणि हिरवे विरुद्ध लाल अशी तोंडाची दुसरी शर्यत सुरू झाली.

त्या गलक्यात लालमधून एक तरुण गिरणीकामगार उतरला. हातातली ट्रंक त्याने चिखलातच ठेवली. "कुनी बाई हाय का हितं?" तो म्हणाला. "मंडळीला बाळंतपनाला अलिबागला म्हायेरी नेतोय. कळा सुरू झाल्यात. लई दुखतंय तिला."

काकी खाली उतरल्या. लालच्या पायरीवर चढून त्यांनी आत डोकं घातलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या आवाजातली सगळी शर्यत गेली होती. "शिंप्या, कोयता आन."

"कशाला?"

"कुंपन तोडायचं हाय. हिरवी माज्या वाडीतनं पुढं काढू. पोरीला दवाखान्यात न्याया पायजे."

"म्हंजी हिरवी पुढं जानार?" शिंप्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं. पण दुसऱ्याच क्षणी त्यांनी स्वतःच्या गालावर चापटी मारली, धावत जाऊन कोयता आणला आणि काकींच्या कुंपणावर पहिला घाव त्यांनीच घातला. लालवाले, हिरवेवाले सगळे कामाला लागले. इतका वेळ रहाटावर असलेले काका काय चाललंय ते बघायला आले. त्यांनी मोडलेलं कुंपण पाहिलं, आत शिरणारी मोटार पाहिली, आणि एवढंच म्हणाले, "पडवळाचा मांडव तेवढा संभाळा."

मांडव सांभाळला गेला नाही. चाचांनी रिकामी गाडी माडांच्या मधून अशी काढली की एकाही माडाला ओरखडा गेला नाही. पण मांडव टपावर बसला आणि हिरवी वाडीच्या पुढच्या तोंडाने रस्त्याला लागली तेव्हा तिच्या खिडक्यांवर पडवळं तोरणासारखी लोंबत होती. पोरीला उचलून आत निजवलं. नवरा बसला. काकी खालूनच तिला धीर देत होत्या, "भिऊ नको गं बाय, आत्ता पोचशील." तर पोरीने त्यांचा हात धरला आणि सोडेचना. काकींनी एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा पोरीकडे. मग काष्टा सावरला आणि अनवाणी मोटारीत चढल्या. "चाचा, हाना," म्हणाल्या, "पन खड्डं बघून." हिरवी दिसेनाशी झाली. ओट्यावर आम्ही सगळे होतो. पण तो ओटा मला इतका रिकामा कधी वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी परत आल्या, आणि आल्या त्या लाल मोटारीतून. हिरवीच्या स्प्रिंगचा पाटा वाडीतल्या खड्ड्यात मोडला होता, ती अलिबागलाच दुरुस्तीला पडली होती. फाट्यावर सगळे जमले होतेच. काकी उतरतात तोच चारी बाजूंनी ओरडा झाला, "काकी, पयली कोन आली?"

काकींचे डोळे जागरणाने लाल झाले होते. त्या हसल्या. "पोरगी," म्हणाल्या. "पयली पोरगी आली. झ्याक हाय. आईसुदिक."

शिंपी पुढे झाले. "आनि आमची गाडी कशी वाटली, वयनी?"

"बाकडी मऊ हायत," काकी म्हणाल्या, आणि हे वाक्य शिंप्यांनी पुढे वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलं. शर्यत खरी कोण जिंकलं याचा वाद फाट्यावर पुढे पुष्कळ रंगला. रस्ता सोडला ती बाद, असं लालवाल्यांचं म्हणणं. काकी त्यात एकदाही पडल्या नाहीत. काकांना मांडव बांधायला काठ्या धरून देत राहिल्या. कुंपण शिंप्यांनीच येऊन नीट केलं, आणि दिवाळीला काकींच्या अंगात पहिल्यांदाच नीट बसलेली चोळी दिसली.

पुढे एस.टी. आली. खाजगी मोटारी बंद झाल्या. चाचा खाकी कपडे घालून सरकारी गाडी चालवू लागले. वेळेवर येत, वेळेवर जात. वळणावर भोंगा वाजवून काकींना सलाम करत, एवढंच. काकी आणि शिंपी आता एकाच ओट्यावर बसून त्या गाडीकडे बघत. "गाडी चांगली हाय," काकी मला म्हणाल्या, "पन हरायलाच कुनी न्हाय, मास्तर. एकटीनं जिंकायचं कसलं?" आमटीला एकच एक चव आली होती. ती चव चांगली होती. पण मी कितीदा तरी मिरची मागून घेतली.

माझी बदली झाली तेव्हा काकींनी ओटीभर सुपाऱ्या आणि दोन नारळ बांधून दिले, आणि एस.टी.पाशी येऊन उभ्या राहिल्या. गाडी सुटली. हात हलवायला म्हणून मी मागच्या काचेतून पाहिलं. काकी ओट्यावर पोचल्याही होत्या. पण माझ्याकडे त्या बघत नव्हत्या. कपाळावर हात धरून त्या पलीकडे, रेवसच्या बाजूला बघत होत्या, आमच्या मागून आणखी एखादी मोटार येतेय का म्हणून.